न्यूझीलंड विरुद्ध खडकओढा

आम्ही न्यूझीलंडला मेंढ्यांत हरवलं आणि त्याच दुपारी माझी नोकरी गेली.

हे वाक्य चुकून आधी पडलं. ते पुढच्या मंगळवारी घडायचं आहे आणि इथे अजून गुरुवार आहे. तेव्हा ते वाचलंच नाही असा चेहरा करून पुढे यावं. आमच्या कार्यालयात सगळे असाच चेहरा करून पगार घ्यायचे.

तर गुरुवार, सकाळचे साडेअकरा. डॉ. हेरवाडकर साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून संगणकाच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर दोन रेघा होत्या.

"ही लाल कोणाची?"

"ओशनियाची, साहेब. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आसपासची बेटं."

"आणि ही निळी?"

"दक्षिण आशिया. आपली."

"मग ती वर का चाललीय?"

"मेंढ्या वाढल्या, साहेब."

"कोणाला विचारून?"

ह्यावर माझ्याकडे आकडेवारी नव्हती. साठ वर्षांच्या मेंढ्या मी पडद्यावर मांडल्या होत्या. तांबडी रेघ नव्वद सालाच्या आसपास ऐटीत शिखरावर जाऊन बसली होती आणि तिथून लोकरीचे भाव कोसळल्यावर घसरगुंडीवरून खाली आली होती. आपली निळी रेघ साठ वर्षं मान खाली घालून चरत चरत वर सरकत होती. दोन हजार सालाच्या पुढेमागे कुठेतरी दोघींची गाठ पडली, आणि निळी न बघता पुढे गेली.

साहेबांना हे सहन होईना, कारण साहेब न्यूझीलंडला जाऊन आले होते. अकरा दिवसांचा अभ्यासदौरा. तिथून त्यांनी एक लोकरीची टोपी आणली आणि "आमच्या न्यूझीलंडात" हे दोन शब्द आणले. दोन्ही ते बारा महिने वापरत. फेब्रुवारी सरत आलेला, पंखा तीनवर, आणि टोपीखालून घामाचा एक ओहोळ साहेबांच्या कानामागून विकासाच्या दिशेने निघालेला असे.

"आमच्या न्यूझीलंडात एकेकाळी माणशी बावीस मेंढ्या होत्या," साहेब म्हणाले. "बावीस! आणि तू त्यांना खाली दाखवतोस?"

"आता माणशी सहा-सात उरल्यात, साहेब."

"रंग बदल."

"रंग बदलून रेघ वळत नाही, साहेब."

पलीकडच्या टेबलावरून मुल्लामामांनी मान वर केली. मुल्लामामा म्हणजे आमचे वरिष्ठ लिपिक. तीस वर्षांची सेवा आणि चेहऱ्यावर त्याबद्दल कसलीही तक्रार नाही. तक्रार करायला समोरच्याबद्दल थोडा तरी आदर लागतो. ते म्हणाले, "साहेब, कागद उलटा लावू या का? खालचं वर येईल."

साहेबांनी खरंच क्षणभर विचार केला. मग त्यांना तोडगा सुचला. त्यांनी मला शीर्षक सांगितलं: 'नियोजनबद्ध घट विरुद्ध बेशिस्त वाढ'. मी ते टाईप केलं. मी चोवीस वर्षांचा होतो, संख्याशास्त्राची पदवी होती, आणि अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होतो. त्या वयात माणूस काहीही टाईप करतो आणि संध्याकाळी मित्रांना सांगून हसतो. मी तर फारच हसायचो.

आमच्या ह्या कचेरीचं नाव 'जागतिक मेंढी तुलना कक्ष'. बंद पडलेल्या दूध शीतकरण केंद्राच्या मागच्या दोन खोल्या. जगातल्या कुठल्याही मेंढीची तुलना इतर कुठल्याही मेंढीशी करण्याचे अधिकार आम्हाला होते. शिवाय विभागातल्या गावांची एक मेंढी नोंदवही आमच्याकडे असे. दर वर्षी मार्गशीर्षात आमची माणसं गावोगाव फिरून ती भरत.

शीर्षक झाल्यावर साहेबांनी मूळ काम काढलं. मंगळवारी सचिव मॅडम येणार होत्या. त्यांच्यापुढे आधी हा आलेख, आणि मग साहेबांचं स्वप्न: 'आदर्श मेंढी संकुल, न्यूझीलंड पद्धत'. तारेचं कुंपण, पत्र्याच्या शेड, परदेशी मेंढे. जागा ठरली होती. खडकओढा गावचं कुरण, तीनशे एकर.

"खडकओढ्याचा मेंढ्यांचा दाखला तयार कर. नोंदवहीत बघ किती आहेत."

मी बघितलं. "शून्य, साहेब. सहा वर्षं शून्यच आहे."

"बघ. तीनशे एकर गवत, आणि मेंढी शून्य." साहेबांनी टोपी सारखी केली. "ह्या देशाचं काय होणार?"

ह्या देशाचं काय होणार ते त्याच दुपारी तीन वाजता दारात येऊन उभं राहिलं. साठीच्या पुढची बाई, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदलेलं, हातात तिच्यापेक्षा उंच काठी.

"कुरणाचा सायब कोन हाय?"

"साहेब जेवायला गेलेत, आजी. काय काम होतं?"

"म्या बाणाबाई टकले. खडकओढ्याची. आमचं कुरन घेत्यात म्हनं."

मी दाखला टाईप करत होतो. टाईप करता करताच म्हणालो, "घेत नाहीत, आजी. वापरात नाही म्हणून उपयोगात आणतायत. तुमच्या गावात मेंढ्याच नाहीत."

बाणाबाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "मंग म्या सकाळधरनं कुनाच्या मागं हिंडती?"

मी नोंदवही उघडून दाखवली. मौजे खडकओढा, मेंढ्या शून्य, माहिती देणार बाणाबाई टकले, आणि त्यापुढे अंगठा. "हा तुमचाच ना? तुम्हीच सांगितलंय, मेंढ्या नाहीत म्हणून."

"मंग काय सांगायचं? हायेत म्हनू?"

"असतील तर आहेत म्हणायचं!"

"आन् मंग तो म्हननार, किती?"

"हो. मग?"

"मंग संपलंच की." बाणाबाई खाली बसल्या. माझ्याकडे बघण्याऐवजी त्या मुल्लामामांकडे बघून बोलू लागल्या; माझ्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही हे त्यांना दिसलं असावं. "भाऊ, तुमी तरी ह्याला सांगा. जितं धन आकड्यात बोलत न्हाईत. आकडा तोंडातनं गेला की लांडगा आयकतो. माझ्या आज्याच्या भावानं एकदा सांगितला हुता, टोपीवाल्या गोऱ्याच्या मानसाला. दुसऱ्या सालाला मेंढरांची वाघूर रिकामी. नवऱ्यालाबी म्या कदी आकडा सांगितला न्हाई. त्यो तसाच गेला बिचारा."

"मग एखादं हरवलं तर कळतं कसं?" मी विचारलं.

"तुज्या घरात जेवाया बसल्यावर मोजतोस का? आई न्हाई, हे कळतंच की."

मुल्लामामांनी चष्मा पुसला. ते मला म्हणाले, "सहा वर्षं असंच चाललंय. आपली माणसं जातात मार्गशीर्षात. तेव्हा मेंढरं इकडे नदीकाठाला नाहीतर कोकणात. दिवाळीनंतर गाव सोडतात, पाऊस पडला की घरी, चार महिने कुरणात. मार्गशीर्षात ह्या बाई दाणागोटा, औषधं न्यायला गावी येतात, त्यांना आमची माणसं विचारतात, त्या नाहीत म्हणतात. आमची माणसं खूश. शून्याची बेरीज सोपी जाते."

मी हसलो. मला ते फारच मजेशीर वाटलं. इकडे साठ वर्षांच्या दोन खंडांच्या मेंढ्या मी एका पडद्यावर आणल्या होत्या, आणि ही बाई लांडग्याला गणित येतं म्हणून सांगत होती.

"आजी, एक दुरुस्तीचा फॉर्म असतो," मी म्हणालो. "सोमवारी पाचपर्यंत. त्यात मेंढ्यांची संख्या भरायची. ती भरली की शून्य जाईल आणि कुरण वापरात आहे हे सिद्ध होईल. फक्त आकडा सांगा."

"न्हाई."

"कानात सांगा."

"हितं कान असनारा एकटा तूच हाईस व्हय?"

"मग कुरण जाईल."

बाणाबाई काठीच्या टोकाने फरशीवर काहीतरी उकरत राहिल्या. "कुरन गेलं तर पावसाळ्याचं चार म्हयनं मेंढरं खातील काय? समद्या शिवारात पिकं उभी. रानात पाय टाकू देत न्हाईत." मग म्हणाल्या, "तू यून बघ. तुज्या डोळ्यांनी बघ, तुज्या कागदावर लिव्ह. माझ्या तोंडातनं काडू नगंस."

"कुठे आहेत मेंढ्या?"

"हितंच की, कॅनॉलच्या कडंला. त्या टोपीवाल्या सायबाच्या रानात बशिवल्यात. पंधरा दिस झालं."

ऊस तुटून गेल्यावर रिकाम्या रानात मेंढ्या बसवायच्या, रात्रभर त्यांनी लेंड्या टाकायच्या, आणि सकाळी धनगराला ज्वारी द्यायची. उत्तम खत. आमच्या विभागात लोकरीची टोपी घालणारा साहेब एकच होता. मुल्लामामांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. त्यांच्या खांद्याला बारीक हादरे बसत होते.

शुक्रवारी चार वाजता मी कॅनॉलच्या कडेला गेलो. सोबत कागद लावलेली पाटी, दोन पेनं आणि पदवी होती.

मेंढ्या मोजणं हे झोप येण्यासाठी करतात असं मी ऐकून होतो. मला झोप आली नाही, रडू आलं. पहिल्यांदा एकशे सत्त्याऐंशी भरल्या. दुसऱ्यांदा दोनशे एकतीस. तिसऱ्यांदा मी वाघुरीच्या तोंडाशी उभा राहिलो. वाघूर म्हणजे त्यांचं जाळ्याचं कुंपण. संध्याकाळी कळप त्यात घेतात. एकेक आत गेली की एकेक काडी ओढायची, असा माझा शास्त्रीय विचार. नव्वदीत एक मेंढा आला, माझी पाटी चाटली आणि बाहेर निघून गेला. त्याच्यामागे चाळीस जणी गेल्या.

बाणाबाई बांधावर बसून बघत होत्या. "तुला ठावं हाय का, कुनाला धा बारी मोजलंस? त्या मामलेदारनीला. परकं मानूस दिसलं की ती म्होरनं म्होरनं करती."

"कोण मामलेदारीण?"

"ती काय, काळ्या तोंडाची. तिच्या शेजारी कानकाटी. ती मागं ऱ्हायली ती येष्टी, हात केला की म्होरं जाऊन थांबती. आन् तुजी पाटी चाटली त्यो सरपंच. काम कायबी करत न्हाई, निस्ता म्होरं चालतो."

तेव्हा मला ती युक्ती सुचली. आजही ती आठवली की स्वतःच्या हुशारीची मला शिसारी येते.

"आजी, तुम्ही आकडा सांगू नका. नावं सांगा."

"नावं सांगाया काय झालं? नावानं तर म्या हाकाच मारती."

सूर्य कलला होता. बाणाबाई एकेकीकडे काठी करत सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. एका ओळीत एक. बोडकी. बोडकीची थोरली. रुसकी. सोनारीण. रेडिओ, कारण ती गप्प बसत नाही. देवाची. लंगडी, ती आता लंगडत नाही पण नाव पडलं. इनबाई. आडवाटीला जन्मलेली. पुण्याची, तिला पुण्यात कुत्रं चावलं होतं. नाव सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. रुसकीपाशी जरा वैताग, देवाचीपाशी हात कपाळाला. एकही नाव दोनदा आलं नाही. एकदा मध्येच थांबून म्हणाल्या, "ऱ्हा जरा, गाभनीला आवाज जाऊ दे," आणि मी थांबलो.

अंधार पडायच्या आत यादी संपली.

"समदी झाली?"

"झाली."

"आता घरी जाऊन तू मोजनार." प्रश्न नव्हता तो. "मोज. कागदावर ऱ्हाऊ दे. पर तोंडानं बोलू नगंस. कुनापाशीच न्हाई. माझ्या देखत तर न्हाईच न्हाई. शबूद दे."

मी शब्द दिला. शब्द द्यायला मला कधीच जड जात नसे.

घरी येऊन ओळींना क्रमांक घातले. दोनशे सतरा.

सोमवारी साडेदहाला दुरुस्तीचा फॉर्म यादीसकट साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी यादी वाचायला घेतली. सोनारणीपर्यंत गेले.

"हे काय आहे? भिशीतल्या बायका?"

"खडकओढ्याच्या मेंढ्या, साहेब. आकडा खाली लिहिलाय. नोंद चुकीची होती."

"कुठे मोजल्यास?"

"गट नंबर चारशे बारा."

साहेबांनी टोपी काढली. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच बघितलं. त्यात विशेष काही नव्हतं. "ते माझं रान आहे."

"हो, साहेब."

"तिथं त्या खतासाठी आहेत," साहेब म्हणाले. "मेंढ्या म्हणून नाहीत."

आणि त्यांनी फॉर्म खणात टाकून किल्ली फिरवली.

तो माणूस लबाड नव्हता, हे सांगायला हवं. लबाडाला दोन गोष्टी एकाच वेळी माहीत असाव्या लागतात. साहेबांना रोज सकाळी आपल्या रानात लेंड्या दिसत होत्या आणि रोज अकरा वाजता नोंदवहीत शून्य दिसत होतं, आणि ह्या दोन गोष्टींची साहेबांच्या डोक्यात कधी ओळखही झाली नव्हती.

मंगळवार. जिल्ह्याच्या सभागृहात शंभरेक खुर्च्या, पुढच्या दोन रांगांना पांढरी कापडं. सचिव मॅडम वेळेवर आल्या, त्यामुळे सगळ्यांचीच धांदल उडाली. मुल्लामामांनी बाणाबाईंना मागच्या दाराने आत आणलं होतं. छातीवर 'निमंत्रित' असा बिल्ला लावून त्या शेवटच्या रांगेपलीकडे जमिनीवर बसल्या होत्या. खुर्ची दिली होती, तिच्यावर त्यांनी काठी आडवी ठेवली होती.

साहेबांनी आलेख लावला. 'नियोजनबद्ध घट' हा शब्द त्यांच्या ओठांवर होता, तेवढ्यात मॅडम पुढे वाकल्या.

"ही निळी रेघ आपली? म्हणजे आपण ह्यांना मागे टाकलं?"

"अं... मॅडम..."

"न्यूझीलंडला? ऑस्ट्रेलियाला? अहो, मग हे मोठं सांगा ना! अभिनंदन!" आणि त्यांनी टाळी वाजवली.

मॅडमनी वाजवली म्हणून पुढची रांग वाजवू लागली, आणि मग अख्खं सभागृह. शंभर माणसं न्यूझीलंडला हरवल्याबद्दल टाळ्या पिटत होती. साहेब दीड सेकंद गोंधळले. मग टोपीवाल्या माणसाने अकरा दिवसांची सासुरवाडी एका श्वासात सोडली. "धन्यवाद, मॅडम. आमच्या कक्षाच्या सहा वर्षांच्या अथक प्रयत्नांचं हे फळ आहे." रेघा एकमेकींना छेदून गेल्या तेव्हा कक्ष सोडा, साहेब अजून कोंबड्यांच्या विभागात होते. पण टाळ्या चालू असताना तारीख कोण विचारतो?

पुढचा विषय संकुल.

"खडकओढ्याचं कुरण, मॅडम. तीनशे एकर, विनावापर. आमच्या नोंदीनुसार तिथे मेंढ्या शून्य."

मॅडम कागदावरून वर बघत म्हणाल्या, "कुरण असलेल्या गावात शून्य? आणि इकडे मेंढ्या वाढतायत म्हणता. हे आकडे कोणी काढले?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. चूक निघाली की साहेबांचं बोट फार चपळ असे.

मी उभा राहिलो. कोणीतरी हातात माईक दिला. सगळ्या माना वळल्या, त्यात जमिनीवरून वळलेली एक होती. बाणाबाई काठी धरून अर्ध्या उठल्या होत्या. मान हलवत होत्या, बारीक, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. नको.

मला वाटलं, अडाणी आहे. मला वाटलं, उद्या कुरण हातात राहिलं की हीच बाई माझ्या घरी ज्वारी आणून टाकेल. आणि खरं सांगायचं तर मला एवढंही वाटलं नाही. शंभर लोक होते, माईक होता, आणि खरा आकडा फक्त मला माहीत होता. संख्याशास्त्राच्या माणसाच्या आयुष्यात असे क्षण किती येतात?

"दोनशे सतरा," मी म्हणालो.

माईक चांगला होता. आकडा भिंतींना लागून परत आला.

बाणाबाईंनी पदराचे बोळे दोन्ही कानांत कोंबले होते. उशीर झाला होता.

"दोनशे सतरा," मॅडमनी लिहून घेतलं. "म्हणजे शून्य नाही."

"नाही, मॅडम!" मी म्हणालो. माझी छाती इतकी फुगली होती की बोलायला जागा राहिली नव्हती.

"तीनशे एकरांत दोनशे सतरा." त्यांनी साहेबांकडे बघितलं. "हे प्रमाण कसं आहे हो?"

आणि साहेब उजळले. दौऱ्यावरून आल्यापासून चौदा महिने कोणी त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता. "आमच्या न्यूझीलंडात, मॅडम, एवढ्या जागेत एक माणूस आणि एक कुत्रा हजारभर मेंढ्या सांभाळतात."

"हजारभर?"

"शिटी वाजवून."

मॅडमनी दोनशे सतराखाली रेघ मारली आणि दोन शब्द लिहिले. मी उभा होतो म्हणून मला दिसले. 'अत्यल्प वापर'. मग त्यांनी सही केली, आणि सगळे जेवायला गेले.

मला मुल्लामामांनी जिन्यात गाठलं.

"काय केलंस हे?"

"शून्य खोडलं, मामा!"

"शून्य असतं तर फाईल अडली असती. कुरणावर शून्य नोंद असली की जागेवर पाहणी लागते, नियम आहे. आणि पाहणी पावसाळ्यात होते, गवत असताना. पावसाळ्यात मेंढरं कुठे असतात?"

मी एक पायरी खाली उतरलो.

"घरी," मामा म्हणाले. "साहेब जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होते. आकडा असला की पाहणी लागत नाही. आकड्यावर सही होते."

"तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"फॉर्म साहेबांच्या खणात गेला, मी निश्चिंत झालो. तिला आत आणलं ते फाईल अडताना तिने बघावं म्हणून. तू बोलशील असं मला वाटलंच नाही. तिला शब्द दिला होतास ना?"

दोन वाजता पत्र मिळालं. 'वरिष्ठांच्या परवानगीविना संख्येचे जाहीर उच्चारण' केल्यामुळे माझं कंत्राट संपुष्टात येत होतं. आरोप खरा होता. त्या कक्षातून बाहेर पडलेला तो बहुधा एकमेव खरा कागद.

मी कॅनॉलवर गेलो. बाणाबाई वाघूर गुंडाळत होत्या. घोड्यावर बिऱ्हाड चढलं होतं. ठरलेल्या दिवसांतले आठ अजून बाकी होते.

"आजी—"

"म्या कायबी आयकलं न्हाई."

"माझं चुकलं, आजी."

"आयकलं न्हाई म्हनती न्हवं!" त्यांनी दोरी ओढून गाठ मारली. मग कळपाकडे मान केली, आवाज खाली आला. "पर त्यांनी आयकलं."

मेंढ्या आमच्याकडे बघत होत्या. सरपंच पुढे चालू लागला, त्याच्यामागे बाकीच्या. मी मान फिरवून उभा राहिलो. तेवढं तरी मला त्या दिवशी कळलं होतं.

लांडगा काही आला नाही. लांडग्याला इतकी कागदपत्रं जमत नाहीत. कुरणाला तार बसली, शेड उभ्या राहिल्या आणि चाळीस परदेशी मेंढे आले. पहिल्या पावसाळ्यात त्यांचे खूर कुजले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तीन उरले, आणि त्यांतला शेवटचा साहेबांच्या निवृत्तीच्या जेवणात दिसला, वाटीत. आत गवत कमरेएवढं वाढून वाळून जायचं. बाहेर पावसाचे चार महिने बाणाबाईंची मेंढरं तारेला तोंड लावून उभी असायची. मग दर बाजाराला पाच-दहा विकावी लागली. नावं माहीत असलेल्या मेंढ्या विकणं म्हणजे काय असतं त्याचा आलेख मला काढता येत नाही. तीन वर्षांत वाघूर रिकामी झाली.

ह्याला आता बारा वर्षं झाली. मी सध्या एका खाजगी क्लासमध्ये संख्याशास्त्र शिकवतो आणि मुलांना हसवतो. गेल्या दिवाळीत मुल्लामामा भेटले आणि त्यांनी सहज सांगितलं, की कक्षाच्या नोंदवहीत खडकओढ्यासमोर अजून दोनशे सतरा आहेत. आता गावोगाव कोणी जात नाही. मागच्या पानावरून पुढे उतरवतात. मेंढ्या होत्या तेव्हा शून्य, आणि आता त्यांतली एक नाही तेव्हा दोनशे सतरा. निळ्या रेघेच्या टोकाशी त्या अजून चरतायत. न्यूझीलंड अजून हरतंय.

मी खडकओढ्याला गेलो. बाणाबाई पंचाहत्तरीच्या झाल्यात. घरामागे नंतर घेतलेली काही मेंढरं होती. किती ते मी बघितलं नाही, भिंतीकडे तोंड करून बसलो. ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी चहा दिला.

मी नोंदवहीचं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"अजून हायेत तितं?"

"कागदावर आहेत."

"समद्या?"

"सगळ्या."

"तरीच." त्यांनी मागच्या मेंढरांकडे बघितलं. "तरीच ही वाढत न्हाईत. म्होरच्या तितं कोंडून पडल्यात, ह्यांचा पाय कसा निघंल?" मग बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तूच कोंडल्यास. तूच सोडीव."

मी पहिला अर्ज केला. उत्तर आलं: मेंढ्या कमी करावयाच्या असल्यास प्रत्येक नगाच्या मृत्यूचा अथवा विक्रीचा दाखला जोडावा. मी दुसरा अर्ज केला. उत्तर आलं: अर्जदार हा मेंढ्यांचा मालक नाही, मूळ मालकिणीने कक्षात समक्ष येऊन, किती मेंढ्या कमी करावयाच्या ते स्वतःच्या तोंडाने सांगावे.

तिसरा काल टपालात टाकला. तो येणेप्रमाणे:

प्रति, मा. कक्षप्रमुख, जागतिक मेंढी तुलना कक्ष. विषय: मौजे खडकओढा येथील मेंढ्या सोडण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, सदर मेंढ्या आपल्या दप्तरात गेली बारा वर्षे विनाचारा उभ्या असून त्यांची संख्या हा अर्जदार मालकिणीस दिलेल्या शब्दामुळे येथे नमूद करू शकत नाही. तरी त्या आपण कोणासही न मोजता, मोठ्याने न वाचता आणि शक्य झाल्यास दिवाळीपूर्वी, दप्तराबाहेर काढून नदीच्या दिशेने सोडून द्याव्यात, ही नम्र विनंती.